क्लेक गावचा लिफ्टर

सर्बियाच्या उत्तरेस व्होय्वोदिना हा सपाट मैदानी प्रांत आहे. त्याच्या पूर्वेकडील बनात भागात, झ्रेन्यानिन शहराच्या जवळ, क्लेक नावाचे तीन हजारांहून कमी वस्तीचे एक गाव आहे. तेथील जमीन आपल्याकडच्यासारखीच काळी आहे आणि मका, गहू, सूर्यफूल, साखरबीट यांच्या जोडीने त्या प्रांतात सोयाबीनही भरपूर पिकते. या गावातील दोन सख्ख्या भावांची नावे अमेरिकेतील होल्योक येथील व्हॉलीबॉल हॉल ऑफ फेममध्ये कोरली गेली आहेत. थोरल्या व्लादिमिर ग्रबिचचे २०११ साली आणि धाकट्या निकोला ग्रबिचचे २०१६ साली. विल्यम मॉर्गन यांनी १८९५ मध्ये हा खेळ ज्या शहरात तयार केला, ते हेच होल्योक. व्लादिमिर स्मॅशर होता, म्हणजे जाळीवरून जोरात चेंडू मारणारा, आवेशाने खेळणारा, पाहणाऱ्याची नजर आपोआप स्वतःकडे ओढून घेणारा. निकोला लिफ्टर होता, म्हणजे संघाच्या दुसऱ्या स्पर्शात स्मॅशरसाठी चेंडू उचलून देणारा. मला लिहायचे आहे ते निकोलाविषयी, कारण सुमारे वीस वर्षे युरोपातील मोठ्या संघांतून खेळूनही गुणांच्या यादीत ज्याचे नाव फारसे वर येत नाही, अशा खेळाडूची कारकीर्द कशी वाचावी, हे आमच्या भागातील मुलांना आणि त्यांच्या शिक्षकांना उपयोगी पडेल असे मला मनापासून वाटते.

मी यवतमाळ जिल्ह्यातील एका खेड्यातल्या शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतो. आमच्या पंचक्रोशीत व्हॉलीबॉल हा हिवाळ्याचा खेळ आहे. सोयाबीनची सोंगणी आणि मळणी उरकली, पऱ्हाटीची पहिली वेचणी घरात आली, की शाळेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या मोकळ्या जागेवर मुरूम टाकून, पाणी मारून, रोलर फिरवून मैदान तयार केले जाते, लोखंडी पाइपांना जाळी बांधली जाते आणि हॅलोजनच्या उजेडात रात्री उशिरापर्यंत खुले सामने चालतात. पोलीस भरतीची तयारी करणारी मुले असतात, पुण्याला कंपनीत गेलेली आणि सुटीवर आलेली मुले असतात, कधी पन्नाशीला आलेले जुने खेळाडूही उतरतात. लोक ओरडतात ते स्मॅशरचे नाव घेऊन. लिफ्टरच्या जागी कोण उभा राहतो, हे पाहिले तर बहुतेक वेळा उत्तर एकच मिळते. ज्याची उंची कमी पडली तो, किंवा ज्याचे गुडघे आता उडी घेऊ देत नाहीत तो. म्हणजे ही जागा निवडली जात नाही, ती उरते आणि कुणाच्या तरी वाट्याला येते. निकोला ग्रबिचची उंची १.९४ मीटर होती. एवढ्या उंचीचा मुलगा आमच्या शाळेत आला असता, तर कोणत्याही शिक्षकाने त्याला पहिल्याच दिवशी जाळीजवळ उभे करून स्मॅश मारायला लावले असते. सर्बियातील खेळाची समज किती खोल आहे, हे मला या एका गोष्टीतून सर्वांत आधी कळले: संघातील सर्वांत शहाण्या मुलाच्या हातात दुसरा चेंडू द्यायचा, मग त्याची उंची कितीही असो.

त्याचा जन्म ६ सप्टेंबर १९७३ चा. वडील मिलोश ग्रबिच हे स्वतः युगोस्लाव्हियाच्या, म्हणजे सर्बिया तेव्हा ज्या देशाचा भाग होता त्याच्या, राष्ट्रीय संघाचे खेळाडू होते आणि १९७५ च्या युरोपीय अजिंक्यपद स्पर्धेत कांस्यपदक मिळवलेल्या संघात त्यांचा समावेश होता. घरात असा माणूस असणे हे भाग्य खरेच, पण त्याहून मोठी गोष्ट मला ही वाटते की गावातच क्लब होता. दोन्ही भाऊ क्लेकच्या क्लबमध्ये खेळू लागले. निकोला तेथून नोवी साद या प्रांताच्या राजधानीतील व्होय्वोदिना क्लबमध्ये गेला आणि मग इटलीत. गाव, जवळचे मोठे शहर, परदेश, अशी त्या शिडीची एकेक पायरी जागेवर होती. आमच्याकडे शालेय स्पर्धा तालुका, जिल्हा, विभाग आणि राज्य अशा चढत जातात, आणि त्या नियमित होतात, हे मी कृतज्ञतेने मान्य करतो. परंतु बारावी संपली की बहुतेक खेड्यांतील मुलांसाठी पुढची पायरी सापडत नाही. कुणी विद्यापीठाच्या संघापर्यंत पोहोचतो, कुणी सरकारी नोकरीतील पाच टक्के खेळाडू आरक्षणासाठी प्रमाणपत्र जपून ठेवतो, आणि बाकीचे हिवाळ्यातील सामन्यांपुरते उरतात. एकोणीस-वीस वर्षांच्या वयात, म्हणजे लिफ्टरची बुद्धी खऱ्या अर्थाने पिकू लागते त्याच सुमारास, आमची मुले नियमित सराव सोडतात.

निकोलाच्या बाबतीतही त्याच वयात सगळे थांबण्याची वेळ आली होती, आणि त्याचे कारण खेळाशी संबंधित नव्हते. मे १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या सुरक्षा परिषदेने युगोस्लाव्हियावर निर्बंध घातले आणि त्यात आंतरराष्ट्रीय क्रीडास्पर्धांतील सहभागही आला. त्या वर्षीच्या बार्सिलोना ऑलिंपिकमध्ये तेथील काही खेळाडूंना वैयक्तिक प्रकारांत स्वतंत्र खेळाडू म्हणून उतरता आले, परंतु सांघिक खेळांना ती सवलत नव्हती. व्हॉलीबॉलमध्ये एकट्याने उतरण्याची सोयच नसते. अठरा ते एकवीस या वयात, जेव्हा राष्ट्रीय संघाकडून खेळून खेळाडू घडतो, तेव्हा त्या पिढीला जगाचे दार बंद होते. १९९४ च्या शरद ऋतूत क्रीडाविषयक बंदी उठली आणि पुढच्याच वर्षी ग्रीसमधील युरोपीय स्पर्धेत या संघाने कांस्यपदक जिंकले. १९९६ मध्ये अटलांटा ऑलिंपिकमध्ये रशियाला हरवून पुन्हा कांस्य मिळाले. एवढी वर्षे बाहेर राहिलेला संघ परतताच पदके मिळवू लागतो, याचा अर्थ त्या बंद काळात देशातल्या क्लबांत सराव थांबला नव्हता, असाच मी घेतो. प्रशिक्षक झोरान गायिच यांनी या पिढीचा संघ उभा केला. १९९८ च्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत हा संघ अंतिम फेरीपर्यंत गेला आणि इटलीकडून हरला.

त्यानंतर १९९९ आले. मार्चच्या अखेरीपासून जूनपर्यंत ७८ दिवस नाटोचे बाँबहल्ले चालले. निकोला ज्या शहरात खेळून मोठा झाला, त्या नोवी सादचे डॅन्यूब नदीवरील पूल त्यात कोसळले. त्याच वर्षी युरोपीय स्पर्धेत हा संघ खेळला आणि त्याने तिसरे स्थान मिळवले. मी या घटनांचे राजकारण येथे मांडत नाही, तो माझा अधिकारही नाही. मात्र ज्या खेळाडूंच्या घरचे लोक त्या शहरांत राहत होते, त्यांनी त्या वर्षी चेंडूवर लक्ष कसे ठेवले असेल, हा विचार माझ्या मनातून जात नाही.

सिडनी ऑलिंपिकमध्ये व्हॉलीबॉल नव्या नियमांनी खेळले गेले. त्याआधी ज्याची सर्व्हिस असेल त्यालाच गुण मिळत असे आणि सेट १५ गुणांचा असे. आता प्रत्येक रॅलीला गुण आणि २५ गुणांचा सेट आला. लिबेरो हा खास बचावाचा खेळाडूही ऑलिंपिकमध्ये तेव्हाच प्रथम दिसला. जुन्या पद्धतीत आपली सर्व्हिस असताना लिफ्टरला चुकीची किंमत लगेच मोजावी लागत नसे, कारण सर्व्हिस गेली तरी गुण जात नव्हता. नव्या पद्धतीत त्याचा प्रत्येक निर्णय थेट गुणफलकावर जाऊ लागला. निकोलाची कारकीर्द या दोन्ही पद्धतींत सारख्याच तोलाची राहिली, आणि त्याच्या मोठेपणाचे हे एक लक्षण मी मानतो.

त्या संघाची रचना पाहण्यासारखी होती. एका बाजूला व्लादिमिर ग्रबिच आणि गोरान वुयेविच, मध्यभागी आंद्रिया गेरिच आणि ज्युला मेश्तेर, आणि लिफ्टरच्या समोरच्या जागेवर इव्हान मिल्कोविच, निश शहराचा, एकवीस वर्षांचा, पुढे अनेक वर्षे जगातील सर्वांत धोकादायक स्मॅशरांत गणला गेलेला. उपांत्यपूर्व फेरीत गतविजेत्या नेदरलँड्सला, उपांत्य फेरीत इटलीला सरळ सेटमध्ये आणि १ ऑक्टोबर २००० रोजी अंतिम सामन्यात रशियालाही सरळ सेटमध्ये हरवून या संघाने सुवर्णपदक मिळवले. देशात तेव्हा निवडणुकीच्या निकालावरून लोक रस्त्यावर उतरले होते आणि या सामन्यानंतर चारच दिवसांनी, ५ ऑक्टोबरला, बेलग्रेडमध्ये स्लोबोदान मिलोशेविच यांची सत्ता गेली. पुढच्या वर्षी ओस्त्राव्हा येथे युरोपचे विजेतेपदही या संघाने इटलीला हरवून मिळवले. थोरल्या भावाला धाकट्याने उचललेला चेंडू, आणि त्यावर ऑलिंपिकचे सुवर्ण. क्लेकच्या घरात त्या दिवशी काय वाटले असेल, हे मला शब्दांत मांडता येणार नाही.

आता लिफ्टरच्या कामाविषयी थोडे विस्ताराने लिहितो, कारण त्याशिवाय या कारकिर्दीचे मोल कळत नाही. संघाला तीन स्पर्श मिळतात. पहिला स्पर्श समोरच्याच्या सर्व्हिसवर होतो, म्हणजे तो आपल्या हातात पूर्णपणे नसतो. तिसरा स्पर्श स्मॅशरचा. मधला स्पर्श लिफ्टरचा, आणि संपूर्ण चालीचा निर्णय त्या अर्ध्या सेकंदात होतो. कोरडवाहू शेतकऱ्याला जसा पडेल त्या पावसावर पेरणीचा निर्णय घ्यावा लागतो, तसा लिफ्टरला येईल तो चेंडू घ्यावा लागतो; चांगला पास मिळाला नाही, ही सबब त्याला नसते. तो धावत चेंडूखाली पोहोचतो तेव्हा त्याला तीन-चार गोष्टी एकदम ठाऊक असाव्या लागतात: आपला कोणता खेळाडू उडीच्या तयारीत आहे, कोणाच्या डोक्यात आधीच्या दोन चुका घोळत आहेत, समोरचा मधला ब्लॉकर, म्हणजे जाळीवर हात उंचावून स्मॅश अडवणारा, कोणत्या पायावर वजन टाकून उभा आहे, आणि गेल्या वेळी याच स्थितीत आपण चेंडू कुठे दिला होता.

समोरचा ब्लॉकर लिफ्टरच्या खांद्यांकडे, पाठीच्या वळणाकडे आणि मनगटांकडे पाहत असतो. पुढे चेंडू द्यायचा असेल तेव्हा आणि मागे द्यायचा असेल तेव्हा शरीर एकसारखेच दिसले पाहिजे. माझ्या विद्यार्थ्यांना मी मोबाइलवर निकोलाच्या सामन्यांची जुनी चित्रणे दाखवतो, तेव्हा त्यांना चेंडूकडे न पाहता फक्त त्याच्या कमरेकडे पाहायला सांगतो. चेंडू डाव्या टोकाला जाणार की मागे मिल्कोविचकडे, हे शेवटपर्यंत ओळखता येत नाही. मधल्या खेळाडूला जाळीलगत दिलेला जलद चेंडू हे त्याचे दुसरे बलस्थान होते. असा चेंडू द्यायला धाडस लागते, कारण स्मॅशर चेंडू येण्याआधीच हवेत असतो आणि चेंडू त्याच्या तळव्यापर्यंत नेऊन पोहोचवावा लागतो. पण दोन-तीनदा तो यशस्वी झाला की समोरचा मधला ब्लॉकर जागेवर खिळतो, टोकाकडे धावायला त्याला उशीर होतो, आणि मग टोकाच्या स्मॅशरसमोर दोनऐवजी एकच ब्लॉकर उरतो. टोकाचा स्मॅशर जोरात मारतो, टाळ्या घेतो. त्याच्यासमोरचा एक माणूस कमी कोणी केला, ते गुणपत्रिकेत लिहिले जात नाही. जाळी २.४३ मीटर उंच असते आणि १.९४ मीटर उंचीचा लिफ्टर ब्लॉकलाही उपयोगी पडतो, हा त्यातला आणखी एक लाभ.

क्लबमधील त्याची वाट बहुतांशी इटलीतून गेली. मोंतिकियारी, कुनेओ, त्रेविझो, मिलान, पिआचेन्झा, त्रेंतो आणि पुन्हा कुनेओ, अशी ती नावे आहेत. त्यांतील शेवटची वर्षे मला सर्वांत महत्त्वाची वाटतात. २००८ मध्ये त्याने त्रेंतोला इटलीचे पहिले विजेतेपद मिळवून देण्यात वाटा उचलला, २००९ मध्ये प्राग येथे त्याच संघासोबत युरोपची चॅम्पियन्स लीग जिंकली, आणि नंतर कुनेओला गेल्यावर २०१० मध्ये त्या क्लबच्या इतिहासातील पहिले इटालियन विजेतेपद त्यांच्याकडे आले. दोन वेगवेगळ्या गावांना त्यांचे पहिले विजेतेपद आणि दोन्हीकडे लिफ्टर एकच, हा योगायोग असू शकत नाही. या वेळी तो पस्तिशीच्या आसपास होता. उडीवर जगणारा स्मॅशर या वयात बहुधा उतरणीला लागतो, तर लिफ्टरचे खरे भांडवल त्याने पाहिलेल्या हजारो चेंडूंच्या स्मरणात असते आणि ते वयाबरोबर वाढते.

मोंतिकियारीचे नाव आले म्हणून एक गोष्ट सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. इटलीच्या ब्रेशिया प्रांतातील या लहानशा शहरातील बंदिस्त क्रीडागृहाला पालाजॉर्ज हे नाव आहे आणि ते एका भारतीयाच्या स्मरणार्थ दिलेले आहे. केरळमधील कन्नूर जिल्ह्यातील पेरावूर या गावचे जिमी जॉर्ज ऐंशीच्या दशकात इटलीत व्यावसायिक व्हॉलीबॉल खेळले, प्रथम त्रेविझोला आणि पुढे मोंतिकियारीला. १९८६ च्या सोल आशियाई स्पर्धेत भारताला कांस्यपदक मिळाले, त्या संघात ते होते. ३० नोव्हेंबर १९८७ रोजी इटलीतच मोटार अपघातात त्यांचा मृत्यू झाला, तेव्हा ते केवळ ३२ वर्षांचे होते. त्यांच्याही घरात सगळे भाऊ व्हॉलीबॉल खेळत आणि एकाच घरातील भावांचा अख्खा संघ मैदानात उतरत असे. क्लेकचा निकोला आणि पेरावूरचे जिमी यांची वाट काही वर्षांच्या अंतराने त्याच दोन शहरांतून गेली, हे समजले तेव्हा मला फार आनंद झाला. सर्बियाचे उदाहरण दिले की ‘ते युरोपातले लोक, त्यांचे वेगळे’ असे आमच्याकडे हमखास ऐकू येते. त्यावर माझ्याकडे आता पेरावूरचे उत्तर आहे, आणि ते उत्तर शेतीवाडीच्या गावातूनच आलेले आहे.

राष्ट्रीय संघातील त्याची उत्तरार्धातील वर्षे विजयापेक्षा पराभवांनी भरलेली आहेत, आणि तीही मला तितकीच मोलाची वाटतात. देशाचे नाव या काळात बदलत गेले. तो युगोस्लाव्हियासाठी खेळला, २००३ पासून सर्बिया आणि माँटेनेग्रोसाठी खेळला आणि २००६ नंतर सर्बियासाठी. वर्ल्ड लीगमध्ये २००३, २००५, २००८ आणि २००९ अशा चार अंतिम सामन्यांत हा संघ हरला. त्यांतील २००३ चा माद्रिद येथील ब्राझीलविरुद्धचा सामना पाचव्या सेटमध्ये गेला. हा सेट एरवी १५ गुणांवर संपतो. तो ३१-२९ असा संपला. अथेन्स आणि बीजिंग या दोन्ही ऑलिंपिकमध्ये संघ उपांत्यपूर्व फेरीत बाहेर पडला. जगज्जेतेपद त्याला खेळाडू म्हणून कधी मिळाले नाही. तरीही २०१० च्या जागतिक अजिंक्यपद स्पर्धेत, वयाच्या ३७ व्या वर्षी, त्याने संघाला कांस्यपदकापर्यंत नेले, यजमान इटलीला रोममध्ये हरवून, आणि त्या स्पर्धेतील सर्वोत्तम लिफ्टर म्हणून त्याचीच निवड झाली. लिफ्टरला मिळालेला हा मान मी माझ्या विद्यार्थ्यांना सुवर्णपदकाच्याही आधी सांगतो.

रशियातील कझानच्या झेनित क्लबमध्ये २०१४ मध्ये त्याने खेळणे थांबवले आणि त्याच वर्षी इटलीतील पेरुजियाचा प्रशिक्षक म्हणून काम सुरू केले. २०१५ मध्ये सर्बियाचा संघ त्याच्याकडे आला. खेळाडू म्हणून चार अंतिम सामन्यांत जे हुकले, ते २०१६ मध्ये क्राकोव येथे त्याच्या मार्गदर्शनाखाली साधले: ब्राझीलला सरळ सेटमध्ये हरवून सर्बियाने वर्ल्ड लीग प्रथमच जिंकली. २०१९ मध्ये ऑलिंपिकची पात्रता हुकल्यावर त्याने ते पद सोडले, आणि सिडनीच्या सुवर्ण संघातील त्याचा सहकारी स्लोबोदान कोवाच याच्या हाती आलेल्या त्याच संघाने काही आठवड्यांतच युरोपचे विजेतेपद मिळवले. हा प्रसंग कोणत्याही प्रशिक्षकाला लागणारा आहे. पण घडवलेला संघ आपल्यामागेही जिंकतो, यात घडवणाऱ्याचा वाटा असतोच, असे मी माझ्या लहानशा अनुभवावरूनही सांगू शकतो.

पोलंडने त्याला पुढे आपलेसे केले. २०२१ मध्ये केंजेझिन-कोझ्ले या तुलनेने छोट्या शहराच्या झाक्सा क्लबला त्याने चॅम्पियन्स लीग जिंकून दिली, तीही त्याच्या जुन्या त्रेंतोला हरवून. २०२२ पासून तो पोलंडच्या राष्ट्रीय संघाचा प्रशिक्षक आहे. त्या वर्षी जागतिक स्पर्धेत रौप्य, २०२३ मध्ये नेशन्स लीग आणि युरोपचे विजेतेपद, २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये रौप्य, आणि २०२५ मध्ये पुन्हा नेशन्स लीगचे विजेतेपद तसेच जागतिक स्पर्धेत कांस्य, असा हा हिशोब आहे. पॅरिसमधील उपांत्य सामन्यात अमेरिकेविरुद्ध संघ दोन सेट विरुद्ध एक असा मागे होता आणि तेथून जिंकला. पोलंडच्या पुरुष संघाला ऑलिंपिकमध्ये त्याआधीचे पदक १९७६ मध्ये, मॉन्ट्रियलला मिळाले होते. सिडनीत ज्याने दुसरा चेंडू हाताळला, तो माणूस चोवीस वर्षांनंतर बाकावर उभा राहून दुसऱ्या देशाच्या लिफ्टरला कोणता चेंडू कुठे द्यायचा ते सांगत होता.

गेल्या हंगामात आठवीतल्या एका उंच मुलाला मी लिफ्टर हो म्हणालो, तेव्हा त्याने सरळ विचारले, “लिफ्टर होऊन काय भेटते, सर?” प्रश्न योग्य होता. आमच्या गावच्या स्पर्धांत उत्कृष्ट स्मॅशरला रोख बक्षीस आणि ट्रॉफी असते; लिफ्टरचे बक्षीस असलेच तर देणगीदार शिल्लक राहिल्यावर जाहीर होते. मुलगा जे पाहतो तेच मागतो. त्याला मी क्लेकची गोष्ट सांगितली, परंतु गोष्टीने फार काळ भागत नाही, रोजच्या सरावात दिसणारा हिशोब हवा. म्हणून आता सरावाच्या सामन्यांत गुणपत्रिकेशेजारी आम्ही आणखी एक वही ठेवतो. प्रत्येक स्मॅशच्या वेळी समोर किती ब्लॉकर उभे होते, दोन, एक की एकही नाही, एवढेच त्यात लिहायचे असते, आणि ती नोंद स्मॅशरच्या नावापुढे न जाता लिफ्टरच्या नावापुढे जाते. लिहिणारा मुलगा बाहेर बसलेला असतो आणि दर आठवड्याला बदलतो, त्यामुळे प्रत्येकाला काही काळ तरी खेळ लिफ्टरच्या बाजूने पाहावा लागतो. स्मॅशरांना सुरुवातीला हे रुचले नाही. आता आपल्यासमोर एकच ब्लॉकर का होता, हे तेच सामना संपल्यावर वहीत शोधतात. आठवी ते दहावीच्या सर्व मुलांना, उंची न पाहता, आठवड्यातून दोन दिवस त्या जागेवर खेळवायचे असेही आम्ही ठरवले आहे. यंदाच्या हिवाळी सामन्यांच्या आयोजकांशी मी बोललो असून, लिफ्टरचे बक्षीस स्मॅशरच्या बक्षिसाइतक्याच रकमेचे ठेवण्यास आणि ते या वहीवरून ठरवण्यास आमच्या गावचे मंडळ तयार झाले आहे. शेजारच्या दोन गावांशी बोलणी सुरू आहेत.